पंखा ढिम्म, बझर चालू

तीर्थस्वरूप मामा,

मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता तिने माझ्या पंख्याचं बटण दाबलं, पंखा ढिम्म हलला नाही आणि डॅशबोर्डखालचा बझर वाजायला लागला. त्या क्षणी माझ्या आयुष्याचे दोन भाग झाले, एक बझरच्या आधीचा आणि एक नंतरचा. (आधीचा बरा होता.)

नमस्कार लिहायचा राहिलाच. साष्टांग नमस्कार. (खोली इतकी अरुंद आहे की साष्टांग घालायचा तर पाय दाराबाहेर जातात, तेव्हा मनातल्या मनात घातला आहे.) तुमचा गुडघा, मामींची कंबर आणि दुकानातलं ते तीन पायांवर उभं असलेलं स्टूल, तिन्हींची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. आठ महिने मी पत्र लिहिलं नाही, कारण निघताना मी म्हणालो होतो की आधी तुम्ही लिहाल तेव्हाच मी लिहीन. तुम्ही लिहिलं नाहीत. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, माझा तुम्हाला आहे, आणि दोन्ही आईच्या माहेरून आलेले आहेत, त्यामुळे कुणीतरी माघार घेतल्याशिवाय हे मिटणार नव्हतं. ही माघार नाही. ही अडचण आहे.

भांडण कशावरून झालं तेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला कितपत खूश व्हायचं ते ठरवता येईल. मी कॉलेजात इलेक्ट्रिकलची जवळजवळ दोन वर्षं काढून तुमच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात आलो होतो. (जवळजवळ अशासाठी, की प्रॅक्टिकलच्या सरांनी माझी बरोबर जोडणी चूक ठरवली, मी सगळ्या वर्गासमोर फळ्यावर जाऊन त्यांची चूक दाखवली, आणि पुढचं आईने तुम्हाला रडत रडत सांगितलेलं आहे.) अशा माणसाला तुम्ही सहा महिने काय शिकवलंत, तर चिकटपट्टी गुंडाळायला. पट्टी ओढून गुंडाळ, शेवटचं टोक नखभर दुमडून ठेव, उद्या कुणालातरी हे उघडायचंय. बटण दाबून बघितल्याशिवाय हत्यार पिशवीत टाकू नकोस. आणि वायरीच्या रंगावर जाऊ नकोस, टेस्ट लॅम्प लाव, वायर कसली ते दिवा सांगेल. मी विचारलं, मग रंग असतात कशाला? तुम्ही म्हणालात, पुस्तकासाठी. गाडीत ज्याच्याकडे जी वायर उरलेली असते ती तो लावतो. मी म्हणालो, असला माणूस या धंद्यातच नसावा. तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत आणि चहा पिऊन टाकलात. संध्याकाळी मी पिशवी भरली. त्या बघण्याचा अर्थ मला परवा कळला, पण तो खाली येईल.

इथे मी गाडीच्या सामानाच्या दुकानात लागलो आहे. सीटकव्हरं, हॉर्न, दिवे, चार्जर, आरशाला लटकवायची माकडं, सगळं मिळतं, आणि बसवून द्यायला मी. मामा, लोकांनी माझा जीव नकोसा केला आहे. गाडी म्हणजे चाकं लावलेलं विजेचं बोर्ड आहे अशी सगळ्यांची समजूत आहे. परवा एकजण आला, म्हणाला, फ्यूज सारखा उडतो. बघितलं तर एका फ्यूजवर हॉर्नची जोडी, समोरचे दोन जादा दिवे, गाणी आणि पाठीला मसाज करणारी गादी. मी त्याला शांतपणे समजावलं (दुकानाचे मालक म्हणतात मी ओरडलो) की फ्यूज उडतो तेव्हा तो तुमची गाडी वाचवत असतो, जादा दिव्यांना बॅटरीपासून वेगळी जाड वायर लागते, त्या वायरीला बॅटरीजवळच स्वतःचा फ्यूज लागतो, आणि पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबराची कडी घालावी लागते, नाहीतर पत्रा तिला सोलून काढतो. तो म्हणाला, तेवढं कशाला, गेल्या वेळी मेव्हण्याने फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून दिला होता, मस्त चाललं. मस्त कुठपर्यंत चाललं, विचारलं. तर म्हणे, धूर येईपर्यंत.

अशा माणसांत मी दिवस काढत होतो. आणि दुकानासमोर रस्त्यापलीकडे गाडी शिकवण्याची शाळा आहे.

तिचं नाव मी लिहिणार नाही. तुमची पत्रं मामी वाचतात, आणि मामींना नाव कळलं की संध्याकाळच्या आत आईचा फोन येईल. एवढंच लिहितो की ती शाळेच्या मालकांची मुलगी आहे आणि पिवळ्या गाडीवर शिकवते. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो, ती गाडी. शिकणारा भिंतीवर चालला असला तरी तिचा आवाज चढत नाही, 'भिंत तिथेच राहणार आहे, आपण वळू' एवढंच म्हणते. (मी रस्त्यापलीकडून ऐकलं आहे. दुकानाचं दार उघडं असतं.) तर त्या तिच्या ब्रेकला एक बझर जोडलेला असतो. परीक्षेच्या वेळी मागे बसलेल्या परीक्षकाला कळावं म्हणून: शिकवणाऱ्याने ब्रेकला पाय लावला की बझर वाजतो, बझर वाजला की शिकणारा नापास. साधा नियम आहे. तिच्या वडिलांचा नियम त्याहून साधा. (सगळे विद्यार्थी त्यांना हाफक्लच म्हणतात, कारण कुठलंही वाक्य ते पूर्ण सोडत नाहीत. मी त्यांना काका म्हणतो, ते मला इंजिनीअर म्हणतात, आणि कसं म्हणतात ते तुम्ही समजून घ्या.) त्यांचं मत असं की पोरगी उतावळी आहे, शिकणाऱ्याला चूक करूच देत नाही, आधीच ब्रेक दाबते. म्हणून तिला गाडी दिली ती अटीवर: दोन महिन्यांत एक जरी माणूस तुझ्या बझरमुळे नापास झाला, तर तू ऑफिसात बसून फॉर्म भरायचे आणि पिवळी गाडी मी चालवणार. सात आठवडे तिने एकदाही बझर वाजू दिला नव्हता. आठवा आठवडा मी बिघडवला.

झालं असं की शनिवारी ती दुकानात आली आणि चार्जर आणि समोरचा कॅमेरा बसवून घेतला. ही दोन कामं मी अशी केली की तुम्ही हात लावून बघावीत. चावी फिरवल्यावरच करंट येणारी फ्यूजची जागा शोधली, म्हणजे गाडी उभी असताना बॅटरी उतरायला नको. दोन्हींना स्वतंत्र फ्यूज. अर्थिंगला पत्र्यावरचा रंग खरवडून, उघड्या लोखंडावर स्क्रू आवळला. पट्टीची टोकंसुद्धा दुमडली. (सवय.) सगळं आटोपलं आणि ती कुणाला उद्देशून नव्हे, सहज म्हणाली, या गाडीत उकडतं फार. मामा, माणसाने असं सहज बोलू नये. माझ्यासारखा माणूस समोर असताना तर नाहीच. मी कपाटातून डॅशबोर्डवरचा छोटा पंखा काढला आणि म्हणालो, दहा मिनिटं.

अर्थिंगचा मघाचा स्क्रू पलीकडच्या बाजूला होता, पंख्याची वायर तिथवर पोचेना. नवी जागा शोधायची, रंग खरवडायचा, वीस मिनिटं. आणि ती शेजारी वाकून मला टॉर्च धरून उभी होती. टॉर्चचा उजेड जिथे पडायला हवा तिथेच पडत होता, माझंच डोकं भलतीकडे. तेवढ्यात तिच्या बाजूला डॅशबोर्डखाली एक काळी वायर दिसली. काळी म्हणजे अर्थिंगची, हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. जोडली. पट्टी मारली. टेस्ट लॅम्प पिशवीत होता, पिशवी हातभर अंतरावर होती. एवढ्यात ती म्हणाली, थँक यू हं, शनिवारचा तुला उगाच उशीर झाला. मी म्हणालो, छे छे, आणि हत्यारं गोळा करून चालू लागलो. पंख्याचं बटण दाबून बघितलं नाही. तिने थँक यू म्हटल्यावर बटण काय दाबायचं, तुम्हीच सांगा. (सांगू नका.)

मंगळवारी परीक्षा. पहिल्या होत्या बेकरीवाल्या काकू, पाचव्यांदा. त्यांनी वळणं घेतली, चढावर गाडी थांबवली, मागे नेली, आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर मागून परीक्षक घाम पुसत म्हणाले, पंखा आहे ना, लावा की. तिने बटण दाबलं. पंखा लागला नाही, बझर वाजला. पंखा लागत नाही म्हणून तिने बटण बंद केलं, बझर थांबला. परीक्षकांनी लिहिलं: शिकवणारीने ब्रेक मारला. काकूंनी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं, तेव्हा हॉर्नही वाजला. दुसरे होते निवृत्त चित्रकलेचे मास्तर. त्यांच्या वेळी परीक्षकांना काही राहवेना, त्यांनी मागूनच हात लांब करून बटण स्वतः दाबलं, आता तरी लागतो का बघायला. बझर. म्हणजे मास्तरांना नापास केलं परीक्षकांच्या स्वतःच्या बोटाने, आणि सही केली त्याच हाताने. ती म्हणत होती, पाय खाली होता, पण म्हणताना तिलाच खात्री वाटेना. दिवसभर पाय ब्रेकवर टांगून ठेवणाऱ्या माणसाचा स्वतःच्या पायावर भरवसा राहत नाही. मी मैदानाच्या कुंपणाबाहेर होतो. दुकानात दात दुखतो सांगून आलो होतो, पंख्याच्या वाऱ्याने तिचे केस उडताना बघायला.

दुपारी ती शाळेच्या अंगणात गाडीत एकटी बसली होती. मी गेलो आणि जगात दुसरा विषय नसल्यासारखं विचारलं, पंखा कसा काय? ती म्हणाली, लागतच नाही तुझा पंखा. आणि बटण दाबलं. तेव्हा सव्वातीन वाजले होते, ते तुम्हाला वर सांगितलं आहे. तिने पाय दोन्ही वर घेतले, मांडी घालून बसली, आणि पुन्हा दाबलं. बझर. पुन्हा. बझर. मग माझ्याकडे बघून म्हणाली, हा तू बसवलास ना?

इथे मी चूक कबूल करायला हवी होती. त्याऐवजी माझं डोकं फिरलं. मला कळून चुकलं होतं काय झालंय ते: ती काळी वायर अर्थिंगची नव्हतीच, ब्रेकच्या स्विचकडून बझरकडे जाणारी होती. पंख्यातून आलेला करंट गाडीच्या पत्र्यात जायच्या ऐवजी बझरमधून जात होता. तेवढ्याने बझरचं भागतं, पंख्याचं भागत नाही. पण मी काय म्हणालो, तर काळी वायर बझरला लावणारा माणूस शुद्ध मूर्ख आहे. आवाज ऐकून काका बाहेर आले, तर त्यांनाही ऐकवलं. म्हणालो, हा कुणीतरी आंधळा, अडाणी, दिवाळी-दसऱ्याला वायर बघणारा नग आहे, असल्यांना वायरीने बांधून ठेवलं पाहिजे, आणि मी त्याला शोधून तुमच्यापुढे उभा करतो. काका म्हणाले, 'इंजिनीअर, ते ठीक आहे, पण तू आधी बघितलं...' आणि त्यांचं वाक्य नेहमीप्रमाणे अर्धंच राहिलं. उरलेलं अर्धं मी गेले दोन दिवस पूर्ण करतो आहे.

मग त्या महामूर्खाचं काम दाखवायला म्हणून मी डॅशबोर्डखालचं झाकण काढलं, आत पार बझरपर्यंत बघितलं, आणि गप्प झालो. एकदम. काकांनासुद्धा नवल वाटलं. झाकण तिच्या हातात देऊन मी म्हणालो, चूक माझी आहे. न तपासता जोडलं. मी परीक्षकांना जाऊन सांगतो.

सांगितलं. बुधवारी सकाळी आम्ही तिघं त्यांच्या ऑफिसात गेलो, गाडी अंगणात आणून मी बटण दाबून दाखवलं. परीक्षकांनी स्वतः तीनदा दाबलं. (त्यांना आवड आहे.) माणूस वाईट नाही. म्हणाले, काकूंचा आणि मास्तरांचा निकाल रद्द करतो, हिच्यावरचा ठपकाही काढतो, पण बझरची मूळ जोडणी काय होती आणि बिघाड कशाने झाला, हे अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायला हवं, शुक्रवारी पाचच्या आत. ज्याने बिघडवलं त्याची सही चालायची नाही. माझ्याकडे शिक्का नाही, कॉलेजचा दाखलासुद्धा नाही. तोवर ती ऑफिसात बसून फॉर्म भरते आहे. मी रस्त्यापलीकडून बघतो, दुकानाचं दार उघडं असतं. ती खिडकीतून पिवळ्या गाडीकडे बघते आणि माझ्याकडे बघत नाही.

तेव्हा मी ठरवलं आहे. वायरीला पुन्हा हात लावायचा नाही. या गावात राहायचं नाही. तिचा विचार करायचा नाही, आजपासून, म्हणजे हे पत्र संपल्यापासून. दुसरा कुठला तरी धंदा बघेन, ज्यात काही वाजत नाही आणि काही जळत नाही. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (हा शब्द सवयीने पडला, अर्थ घेऊ नका)
भाचा

ता. क. तुमच्याकडे शिक्का आहे. छत्तीस वर्षांचं दुकान आहे. चार ओळी लिहून ताबडतोब पाठवल्यात तर उपकार होतील. माझ्यावर नव्हे, बेकरीवाल्या काकूंवर.

ता. क. दुसरा. मी गप्प का झालो ते लिहायचं टाळत होतो. आतल्या त्या जुन्या काळ्या वायरीच्या सांध्यावर पट्टी होती, ओढून गुंडाळलेली, आणि शेवटचं टोक नखभर दुमडलेलं. मामा, ही गाडी काकांनी पूर्वी तुमच्याच गावच्या शाळेकडून घेतली होती, ते त्यांच्या बोलण्यात आलं. उद्या कुणालातरी हे उघडायचंय, असं तुम्ही म्हणायचात. तो कुणीतरी मी निघालो. आणि ज्याच्याकडे जी वायर उरलेली असते ती तो लावतो, हे तुम्हाला कुठून कळलं तेही कळलं. मी कुणाला काही बोललेलो नाही. वर लिहिलेले आंधळा आणि अडाणी हे शब्द मागे घेतो. बाकीच्यांचा विचार चालू आहे. शिक्क्याच्या कागदावर काळ्या वायरीचं काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच दारावर थाप पडली. ती. हातात ते झाकण आणि एका कागदावर चिकटवून आणलेल्या दोन पट्ट्या. म्हणाली, ही तुझी पंख्याची, ही त्या मूर्खाची, दोन्हींची टोकं सारखीच दुमडलेली आहेत, कोण हा तुझा? मी म्हणालो, मामा. ती म्हणाली, मंगळवारपासून ठाऊक होतं? मी मान हलवली. आणि सगळं स्वतःवर घेऊन गप्प बसलास? मी पुन्हा मान हलवली. कागदाची घडी घालत ती म्हणाली, बरं. (मामा, या 'बरं'वर मी वेगळं पत्र लिहीन.) मग म्हणाली, आज गुरुवार, टपालाने तुझं हे शुक्रवारी पोचत नाही. मामा राहतात कुठे? मी सांगितलं, तीन तासांवर. काकांनी गाडी दिली आहे, ती चालवेल, इंजिनीअरने कशालाही हात लावायचा नाही, एवढं वाक्य त्यांनी म्हणे पूर्ण केलं.

म्हणजे हे पत्र मीच तुमच्या हातात देणार आहे. मी समोर उभा असताना वाचू नका, मी स्टूलवर बसून चहा घेईन. मामींना म्हणावं, तिला नाव विचारू नका, ती सांगून टाकेल. मी शिकवणाऱ्याच्या बाजूला बसणार आहे, ब्रेकला पाय लागला तर भर रस्त्यात उतरवीन असं तिने आत्ताच बजावलं आहे. खाली हॉर्न वाजतो आहे. पंख्याची वायर काल काढून ठेवली, टेस्ट लॅम्प लावून. खोलीतला दिवा बंद केला, खरंच बंद झाला का ते बटण पुन्हा दाबून बघितलं. निघालो, दार लावून घेतो.